याएसू एफटी-६०आर : पाच, दोन आणि अर्ध्या वॅटचा हिशेब

हातात धरून वापरायचा हॅम सेट, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचा सेट, घ्यायचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘किती वॅटचा आहे?’ हाच असतो. याएसू कंपनीच्या एफटी-६०आर या दोन बँडच्या (वारंवारतेच्या दोन पट्ट्यांवर चालणाऱ्या) सेटबाबत त्याचे उत्तर ५ वॅट असे आहे. परंतु माझ्या मते या सेटचे खरे मोल त्या ५ वॅटमध्ये नसून, ही प्रक्षेपणाची शक्ती किती सहज कमी करता येते यात आहे.

‘एफ/डब्ल्यू’ बटण दाबून लगेच ३ दाबावे आणि वरची डायल फिरवून हाय, मिड किंवा लो निवडावे, एवढीच कृती आहे. हाय म्हणजे ५ वॅट, मिड म्हणजे २ आणि लो म्हणजे अर्धा वॅट. मेन्यूच्या लांबलचक यादीत शिरावे लागत नाही. त्याहून मोलाची सोय अशी की, व्हीएचएफ आणि त्याहून अधिक वारंवारतेचा यूएचएफ या दोन्ही बँडवर निरनिराळी शक्ती ठेवता येते, इतकेच नव्हे तर प्रत्येक मेमरी चॅनलसोबत (साठवून ठेवलेल्या वारंवारतेसोबत) तिची शक्तीही साठवता येते, त्यामुळे गावातल्या मित्रांचे चॅनल लोवर आणि दूरच्या रिपीटरचे (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्राचे) हायवर एकदा ठरवून ठेवले की पुन्हा त्याकडे पाहावे लागत नाही.

५ वॅटवरून अर्ध्या वॅटवर आल्यास फरक १० डेसिबलचा (म्हणजे दहापटीचा) पडतो, आणि सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरचा एक ‘एस’ अंश ६ डेसिबलचा धरला जात असल्याने पलीकडच्या सेटवर सिग्नल दोन अंशांनीही उतरत नाही. गोदाकाठच्या सपाट काळ्या रानात उभ्या असलेल्या दोन माणसांच्या हातातील सेटना पृथ्वीच्या वक्रतेमुळेच साधारण १० किलोमीटरची मर्यादा पडते, झाडे आणि घरे ती आणखी कमी करतात, आणि तिथे वॅट वाढवून फारसे काही साधत नाही. तोच सेट घेऊन बालाघाटच्या कड्यावर, खालच्या मैदानापेक्षा १०० मीटर उंच जागी उभे राहिल्यास नजरेची रेषा ४० किलोमीटरच्या पुढे जाते आणि मग अर्धा वॅटही पुष्कळदा पुरतो. म्हणून आवाज पोहोचत नसेल तर आधी गच्चीवर किंवा टेकाडावर जावे, अँटेना सरळ उभा धरावा आणि त्यानंतरच डायलला हात लावावा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

सोबत येणारी बॅटरी ७.२ व्होल्ट आणि १४०० मिलीअँपिअर-तासांची निकेल-मेटल हायड्राइड आहे. हायवर बोलताना सेट सुमारे दीड अँपिअर घेतो, म्हणजे अखंड प्रक्षेपण तासभरही टिकणार नाही; शिवाय घेतलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक भाग उष्णतेत जातो, आणि परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांवर असताना हे हातालाही जाणवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी संपर्कासाठी जे काम केले, त्याची आठवण ठेवणाऱ्या आपल्या भागाने तरी बॅटरीचा विचार गांभीर्याने करायला हवा, कारण अशा वेळी चार्जिंगची खात्री कोणीच देऊ शकत नाही. गरजेपुरतीच शक्ती वापरावी, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीतही आहे.

प्रक्षेपणाची गुणवत्ता समाधानकारक आहे. पीटीटी (बोलण्यासाठी दाबून धरायचे बटण) दाबल्यावर क्षणभर थांबून, माइकपासून चार-पाच सेंटिमीटरवरून नेहमीच्या आवाजात बोलल्यास शब्द स्वच्छ जातात. ओरडल्याने केवळ विकृती वाढते. आपल्या भारतीय हॅम परवान्यात व्हीएचएफचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा येतो, हे नव्या परवानाधारकांनी प्रक्षेपणापूर्वी पाहून घ्यावे.

उणिवा सांगायच्या तर बॅटरी जुन्या पद्धतीची आहे, मोबाइलच्या चार्जरवर ती भरता येत नाही, आणि स्वस्त चिनी सेटच्या तुलनेत किंमत बरीच जास्त आहे. तरीही शक्तीवर असे नियंत्रण हवे असणाऱ्याने हा सेट निःशंक घ्यावा आणि उरलेल्या पैशांत १४५ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ५० सेंटिमीटरचा पाव-तरंग (तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढा) अँटेना घ्यावा. तो घेताना कनेक्टर मात्र तपासावा, कारण प्रचलित चिनी सेटसाठी बनवलेल्या अँटेनाचा एसएमए कनेक्टर (सेटला जोडणारा स्क्रूचा जोड) उलट प्रकारचा असतो आणि या सेटला तो थेट बसत नाही.