पाच मिलिमीटर आणि एक अंगठा : लायका एम६ आणि एम१० दहा महिने वापरल्यावर

कागदावर फरक आहे पाच मिलिमीटरचा. लायका एम६ या फिल्म कॅमेऱ्याची बॉडी ३३.५ मिमी जाड, त्याच घराण्यातल्या डिजिटल एम१० ची ३८.५. लांबी १३८ आणि १३९, उंची ७७ आणि ८०. एम१० घेण्याआधी हे आकडे इतक्यांदा वाचले होते की पाठच झाले होते. त्यांच्याच भरवशावर मी धरून चाललो होतो की हातात दोन्ही सारखेच लागणार. गेल्या सप्टेंबरात सेकंडहँड एम१० घरी आला, आणि आकडे अगदी बरोबर असूनही माझा अंदाज पहिल्याच संध्याकाळी चुकला.

आधी थोडी पार्श्वभूमी. एम६ माझ्या मोठ्या काकांचा. नव्वदच्या दशकात ते कामानिमित्त जर्मनीत होते, तेव्हा घेतलेला. गेली चौदा वर्षं तो माझ्याकडे आहे आणि पुण्यातलं माझं बहुतेक काम त्याच्यावरच झालं आहे. एम१० घेतला तो रोल, धुणं आणि स्कॅन यांचा खर्च वाढत गेला म्हणून, आणि संध्याकाळनंतरच्या उजेडात फोटो काढायचे होते म्हणूनही. दोन्हींवर लेन्स एकच लावतो, फोइग्टलेंडरची ३५ मिमी एफ २.५ कलर-स्कोपार. ती जेमतेम १३४ ग्रॅमची आहे, त्यामुळे हातात जो फरक लागतो तो निव्वळ बॉडीचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ठेवून पाहिले. रोल भरलेला एम६ सहाशेच्या आसपास, बॅटरीसकट एम१० ६६० ग्रॅम. म्हणजे एखाद्या लहान कांद्याएवढा फरक.

मग जाणवतं ते काय? जाडी, आणि तीसुद्धा मागच्या बाजूची. एम माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, कडेपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मिमी ठरलेलं आहे, आणि १९५४ च्या एम३ पासून, म्हणजे पहिल्या एम कॅमेऱ्यापासून, ते बदललेलं नाही. बदललं तर जुनी एकही लेन्स नीट फोकस होणार नाही. फिल्मच्या मागे फक्त तिला सपाट ठेवणारी पट्टी आणि दार असतं. डिजिटलमध्ये त्याच जागी सेन्सर, त्यामागे सर्किट आणि त्याहीमागे स्क्रीन. पुढे सरकायला जागा नाही, म्हणून सगळी भर मागे, अंगठ्याच्या बाजूला. २००६ चा एम८ आणि २००९ चा एम९ सुमारे ३७ मिमी होते, त्यानंतरचा एम२४० थेट ४२ वर गेला. मित्राचा एम२४० मी दोन दिवस वापरला होता. साबणाची नवी वडी धरल्यासारखा वाटला. २०१७ च्या एम१० मध्ये व्हिडिओ काढून टाकला, बॅटरी लहान केली आणि कॅमेरा पुन्हा बारीक केला. म्हणून मी एम१० वर येऊन थांबलो.

पण हात जे सांगत होता त्याचा उलगडा व्हायला मला दोन महिने लागले. गोष्ट जाडीची नव्हतीच, अंगठ्याची होती.

एम६ वर उजव्या अंगठ्याला काम असतं. फोटो निघाला की लीव्हर ओढायचा, रोल पुढे सरकतो, शटर ताणलं जातं. पुढच्या फोटोची वाट पाहताना लीव्हर थोडा बाहेर काढून अंगठा त्याच्या मागे अडकवून ठेवायचा. कॅमेऱ्याचं निम्मं वजन त्या जागी तोललं जातं, आणि बोटं पुढून नुसती टेकलेली असतात. चौदा वर्षांत मला हे कधी कळलंच नव्हतं, कारण न कळता होत होतं. एम१० वर लीव्हर नाही. अंगठ्यासाठी मागे लहानसा उंचवटा आणि एक चाक आहे. पण अडकवायला काही नसल्यामुळे पकड बोटांवर येते आणि तासाभरात करंगळीजवळ ताण जाणवतो. साठ ग्रॅम जड असलेला कॅमेरा दोनशे ग्रॅम जड वाटतो तो यामुळे.

हे फक्त मलाच वाटतं असं नाही, हे नंतर ध्यानात आलं. पहिला डिजिटल रेंजफाइंडर (खिडकीतली दोन चित्रं जुळवून फोकस करायचा, एम सारखाच कॅमेरा) म्हणजे २००४ चा एप्सन आर-डी१. त्यात रोल नव्हता, तरी शटर ताणायला लीव्हर ठेवला होता. २०१८ च्या एम१०-डी मध्ये मागचा स्क्रीन काढून टाकला आणि लीव्हरच्या आकाराचा एक टेकू दिला. तो बाहेर निघतो, त्यावर अंगठा ठेवायचा, बाकी त्याला काही काम नाही. कुणी त्याला दिखाऊ म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्यांनी तो बसवला त्यांना हात कळत होता.

मी हॉट शूमध्ये, म्हणजे वरच्या फ्लॅशच्या खाचेत, बसणारा पितळी टेकू घेतला. पकडीचा प्रश्न सुटला, अगदी पूर्ण सुटला. एम१० विकत घेणाऱ्याने केस किंवा पट्टा घेण्याआधी हा टेकू घ्यावा, हे मी ठामपणे सांगेन. मात्र लीव्हर ओढण्याची ती क्रिया त्याने परत येत नाही. ती क्रिया दोन फोटोंच्या मधली जागा होती. अर्ध्या सेकंदाची असेल, पण तेवढ्यात मी समोरच्या माणसाकडे कॅमेऱ्याशिवाय बघत असे.

आयएसओच्या (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणाऱ्या आकड्याच्या) चकतीबद्दल मात्र एम१० ला पैकीच्या पैकी. जुन्या एम३ वर रोल गुंडाळायची चकती असे, नेमक्या त्याच जागी ही बसवली आहे. वर उचलायची, फिरवायची, दाबून बसवायची. कॅमेरा बंद असतानाही कितीवर आहे ते दिसतं. मंडईतल्या गाळ्यातून बाहेर उन्हात येता येता २०० वर आणता येतं. एम६ मध्ये अशा वेळी भरलेला रोल संपेपर्यंत जे आहे त्यातच भागवायचं.

व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे ज्यातून बघतो त्या खिडकीचं, मॅग्निफिकेशन एम६ मध्ये ०.७२, एम१० मध्ये ०.७३. या आकड्यावरून काहीच कळत नाही. मला चष्मा आहे. एम६ मध्ये ३५ मिमी लेन्स किती टिपेल ते दाखवणारी ३५ ची चौकट दिसते, पण २८ च्या कडा पाहायला डोळा डावी-उजवीकडे फिरवावा लागतो. एम१० मध्ये डोळा जरा लांब ठेवूनही चौकट पूर्ण दिसते. चष्मेवाल्यांनी एम६ घेण्याआधी तो एकदा डोळ्याला लावून पाहावाच.

फोकसच्या बाबतीत डिजिटल कडक आहे. यंत्रणा तीच, मधल्या चौकोनातली दोन चित्रं एकावर एक आणायची. पण फिल्मला स्वतःची थोडी जाडी आहे, ती किंचित वाकतेही. सेन्सर सपाट असतो आणि आपण चित्र स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून पाहतो. जानेवारीत माझ्या हातून बॅग पडली. त्यानंतर एम१० चे दोन-अडीच मीटरवरचे फोटो किंचित मऊ, म्हणजे धूसर, यायला लागले. रेंजफाइंडर हलला होता. एका जाणत्या कारागिराने तो पुन्हा जुळवून दिला. एवढीच चूक एम६ मध्ये असती तर ८ बाय १० च्या प्रिंटमध्ये मला बहुधा दिसलीही नसती.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. एम६ चं शटर कापडी, त्याचा आवाज पुस्तक हलकेच मिटल्यासारखा. एम१० चं धातूचं. तेही हळू, पण मागून शटर पुन्हा ताणणाऱ्या मोटरची बारीक घरघर येते. कीर्तनात अभंगाच्या दोन ओळींमधल्या शांततेत मी एम६ दाबतो. एम१० असेल तर टाळ वाजायची वाट बघतो.

खरी कसोटी लागली वारीत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातून सासवडला निघाली त्या दिवशी दोन्ही कॅमेरे घेऊन दिवे घाट चढलो. ऊन होतं तोवर एम६ ची काळजी: त्यात लेन्स आणि शटरच्या मध्ये आरसा नाही, लेन्स सूर्याकडे उघडी राहिली तर शटरचं कापड जळून भोक पडतं. म्हणून चालताना कॅमेरा पोटाकडे वळवून धरायचा. मग पाऊस आला. रोल बदलायला तळाची प्लेट काढावी लागते, ती खिशात टाकायची, मागचं झाकण उघडायचं, फिल्मचं टोक आत अडकवायचं, आणि हे सगळं गर्दीत चालता चालता. एका आजींनी स्वतःची प्लास्टिकची खोळ माझ्या हातांवर धरली. रोल बसेपर्यंत त्या थांबल्या, मग म्हणाल्या, “झालं का माउली? चला आता.” त्यांचा फोटो मी काढला नाही, हात मोकळे नव्हते.

एम१० मध्येही बॅटरी आणि कार्डासाठी तीच तळाची प्लेट काढावी लागते (२०२२ च्या एम११ मध्ये ती गेली). पण दिवसातून एकदा. ठरलेल्या चाचणीप्रमाणे एका बॅटरीत सुमारे २१० फोटो होतात. स्क्रीन बंद ठेवला तर मला तीनशेच्या पुढे मिळाले. आकाराचा विचार करताना हा हिशेब बहुतेक जण सोडून देतात. त्या दिवशी एम६ साठी बॅगेत सहा रोल आणि ते कोरडे ठेवायचा डबा होता. एम१० साठी दोन बॅटऱ्या, त्या शर्टाच्या खिशात मावल्या. बॉडी फिल्मची बारीक, बॅग डिजिटलची बारीक.

उलट बाजूही सांगायला हवी. एम६ ची बॅटरी संपली तर फक्त उजेड मोजणारा मीटर जातो, शटरचे सगळे वेग यांत्रिक असल्याने चालूच राहतात. एम१० ची संपली की हातात पितळ आणि मॅग्नेशियम उरतं.

एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदला: फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवणं बंद करा. एम१० ची बटणं स्क्रीनच्या डावीकडे आहेत. फोटो पाहायला गेलात की डावा हात फोकस रिंगवरून सुटतो, आणि परत येईपर्यंत समोरचं निघून गेलेलं असतं. घाटात मी पहिला तासभर हेच करत होतो.

सध्या कामावर जाताना खांद्याला एम१० असतो. रविवारी सकाळी एम६. सोमवारी एम१० उचलला की पहिल्या दोन-तीन फोटोंनंतर अंगठा अजूनही नसलेला लीव्हर ओढायला सरकतो.