'यॉटसाठी वेगळा पायलट असतो' असं कुणी सांगितलं, तर पैसे भरू नका

मोठ्या यॉटवर काम करणाऱ्यांनी, आणि त्याहून जास्त किनाऱ्यावर बसून यॉटचे कागद आणि पैसे सांभाळणाऱ्यांनी, हे वाचावं. बंदरात शिरताना जहाजाला वाट दाखवायला तिथल्या पाण्याचा जाणकार माणूस, म्हणजे पायलट, घेतात. एका एजंटने आमच्याकडून अशा पायलटची पूर्ण रक्कम आगाऊ घेतली आणि ज्याला त्या बंदराचा परवानाच नव्हता असा माणूस यॉटवर पाठवला. मी तेव्हा चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, होतो.

बंदर जवळ यायच्या बरंच आधी मालकाच्या ऑफिसला पत्र आलं. लेटरहेड होतं, शिक्का होता. बंदराचे पायलट मालवाहू जहाजांसाठी असतात, यॉटसाठी स्वतंत्र सेवा आहे, रक्कम आधी जमा झाली नाही तर धक्क्यावर जागा मिळणार नाही, असा मजकूर. त्यातली एक गोष्ट खरी होती: आमच्या आकाराच्या यॉटला तिथे पायलट सक्तीचाच होता. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आधाराने बाकीचं सगळं खोटं खपून गेलं. ऑफिसने पैसे भरले.

ही फसवणूक चालते, कारण पायलटचा नियम सगळीकडे सारखा नाही. कुठे लांबी बघतात, कुठे ग्रॉस टनेज (जहाजाचं एकूण आकारमान), कुठे ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसतं). ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या आतल्या मार्गावर 70 मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला परवानाधारक पायलट घ्यावाच लागतो. पनामा कालव्यात 65 फुटांपेक्षा लहान बोटीला पायलटऐवजी सल्लागार देतात. काही बंदरं नेहमी येणाऱ्या कॅप्टनला पायलटमधून सूट देणारं प्रमाणपत्र देतात, पण ते त्या माणसाच्या नावावर आणि तेवढ्याच पाण्यापुरतं असतं. हे सगळं दर फेरीला नव्याने तपासावं लागतं, आणि जिथे ऑफिसला घाई असते तिथे एजंटचं पत्रच नियम म्हणून वाचलं जातं.

तो माणूस आला साध्या बोटीतून. बोटीवर ना 'पायलट' अशी अक्षरं, ना काही खूण. आम्ही नियमाप्रमाणे बाजूला शिडी लावून, तिच्याशी माणूस उभा करून तयार होतो. त्याने शिडीकडे पाहिलंही नाही, मागच्या स्विम प्लॅटफॉर्मवर उडी मारून वर आला. खरा पायलट आधी रेडिओवर सांगतो, शिडी कोणत्या बाजूला लावा, पाण्यापासून किती वर ठेवा. जवळ आला की खालूनच तिचे दोर आणि पायऱ्या निरखतो, कारण त्याचा जीव तिच्यावर असतो.

ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, कॅप्टनसाहेबांनी पायलट कार्ड (जहाजाची मापं आणि इंजिनाची माहिती असलेला कागद) पुढे केलं. त्याने ते न वाचताच सही केली. ड्राफ्ट विचारला नाही, बो थ्रस्टर (जहाजाचं नाक बाजूला ढकलणारा पंखा) चालतो का विचारलं नाही, डेड स्लोला, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात मंद चालीला, वेग किती पडतो हेही नाही. उलट आमचाच पॅसेज प्लॅन (मार्गाचा आराखडा) मागितला आणि एक कोरी पावती पुढे करून म्हणाला, "कॅप्टन, इथे सही करा, बाकी मी भरतो." मी एच झेंडा, म्हणजे पायलट जहाजावर असल्याचा पांढरा-लाल झेंडा, चढवायला निघालो, तर म्हणाला, "राहू द्या, त्याची गरज नाही." तिथे साहेब थांबले. त्यांनी वेग कमी करायला लावला आणि व्हीएचएफ रेडिओवर बंदराच्या वाहतूक नियंत्रणाला थेट विचारलं.

उत्तर आलं: तुमच्या नावावर पायलटची नोंदणीच नाही, आत येऊ नका, बाहेर नांगर टाका.

साहेबांनी केलं ते त्यांचं कामच होतं. पनामा कालव्यासारखा अपवाद सोडला, तर पायलट ब्रिजवर असला तरी जहाजाची जबाबदारी कॅप्टनचीच राहते. तसेच आत गेलो असतो आणि कुठे टेकलो असतो, तर सक्तीचा पायलट न घेतल्याचा गुन्हा आमच्या नावावर लागला असता, आणि विमा कंपनीने पहिला प्रश्न तोच विचारला असता. तो माणूस आपल्या बोटीतून निघून गेला. खरा पायलट मिळेपर्यंत आम्ही नांगरावर थांबलो आणि त्याचे पैसे पुन्हा भरले.

एजंट कितीही ओळखीचा वाटला तरी पायलट स्टेशनशी स्वतः बोला. त्यांचे चॅनल आणि संपर्क 'अ‍ॅडमिरल्टी लिस्ट ऑफ रेडिओ सिग्नल्स'च्या सहाव्या खंडात असतात. तो यॉटवर असतोच, एजंटने दिलेला नंबर वापरू नका. कुठल्या आकारापासून पायलट सक्तीचा, हे बंदराकडूनच लेखी मागवा आणि विचारताना नोंदणीची लांबी वेगळी, एकूण लांबी वेगळी सांगा, कारण यॉटच्या बाबतीत या दोन आकड्यांमध्ये बराच फरक पडू शकतो. पैसे आगाऊ मागितले म्हणजे फसवणूकच, असं नाही. बरीच बंदरंही आगाऊ घेतात. खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा. आणि ब्रिजवर आलेल्या माणसाचा परवाना मागायला संकोच करू नका. खरा पायलट तो विनातक्रार दाखवतो.

आमच्या ऑफिसने तक्रार केली. पैसे परत आलेले नाहीत. त्यानंतर ओळखीच्या दुसऱ्या यॉटच्या कॅप्टनने त्यांना आलेलं पत्र मला वाचायला पाठवलं. कंपनीचं नाव आणि बँक खातं बदललं होतं, बाकी मजकूर शब्दन् शब्द तोच.