जुन्या गाडीत फ्युएल पंप परत बसवल्यावर आलेला आवाज: काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या पेट्रोल इंजेक्शन गाडीत टाकीच्या आतला फ्युएल पंप बदलून आता बरेच महिने झाले. कडक ऊन, थंडी, लांबचे प्रवास आणि रोजची रडतखडत ट्रॅफिक, सगळं यात येऊन गेलं. पूर्ण असेंब्ली न घेता नुसती मोटर, पंपाच्या तोंडाशी पेट्रोल गाळणारी जाळी, टाकीतला होसचा (रबरी नळीचा) तुकडा आणि क्लॅम्प असा किट घेतला होता, जुन्याच फ्रेममध्ये बसवायला. पंपाबद्दल माझं मत चांगलं आहे. किटमधल्या जाळीबद्दल अजिबात नाही. पण हे लिहायचं खरं कारण म्हणजे बसवल्यानंतर आलेला आवाज. पंप काढून परत लावला आणि मागून घोंघावणं सुरू झालं की सगळे आधी पंपालाच खराब ठरवतात. मग दुसरा पंप येतो आणि तोही तसाच ओरडतो.

माझ्या गाडीत एक नाही, दोन आवाज होते, आणि ते वेगळे ओळखता आले म्हणूनच पुढचं सोपं गेलं. पहिला आवाज चावी फिरवल्याबरोबर यायचा. इंजिन सुरू व्हायच्या आधी रिले (विजेवर चालणारा स्विच) पंपाला साधारण दोन सेकंद चालवतो, त्या दोन सेकंदांतही मागच्या सीटखालून जाड गुणगुण ऐकू यायची आणि हात ठेवला तर पत्रा थरथरताना जाणवायचा. दुसरा आवाज बारीक, चढ्या सुराचा, लांबून येणाऱ्या मिक्सरसारखा. तो थंड गाडीत नसायचाच. थोडं चालवल्यावर हळूहळू सुरू व्हायचा आणि दुपारी, टाकी कमी असताना सगळ्यात जास्त.

पहिल्या सेकंदापासून येणारा आवाज बहुतेक वेळा बसवण्याशी संबंधित असतो: पंपाची थरथर रबरात न जिरता सरळ पत्र्यात उतरते. गरम झाल्यावर वाढणारा आवाज वेगळा. पंपाला तोंडाशी पेट्रोल कमी पडलं की तिथला दाब घटतो, पेट्रोलचे वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाबाखाली जाऊन फुटतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पेट्रोल जितकं गरम तितकं ते लवकर वाफ धरतं. रिटर्न लाइन असलेल्या गाडीत इंजिनाकडून गरम होऊन आलेलं पेट्रोल परत टाकीत पडतं, त्यामुळे टाकी अर्धी रिकामी असेल तर ते आणखी पटकन तापतं.

टाकी परत उघडायच्या आधी बाहेरून जे तपासता येतं ते सगळं तपासलं, आणि माझा आग्रह आहे की तुम्हीही तसंच करा.

आवाज चालू असताना पेट्रोलचं झाकण उघडलं. टाकीला हवा येण्याचा मार्ग बंद असेल तर आत व्हॅक्यूम होतो, झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो आणि पंप शांत होतो. माझ्याकडे काहीच फरक पडला नाही. मग रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, प्रेशर गेज लावला. आयडलिंगला साधारण 2.5 बार, आणि दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की 3 बार. रेग्युलेटर बरोबर चालतोय एवढं यातून कळलं, आणि प्रेशर चढल्यावर आवाज वाढला नाही हेही महत्त्वाचं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: रिटर्नवाल्या गाडीत लाइनमधला फिल्टर पंप आणि रेलच्या मधे असतो. तो तुंबला तरी आयडलिंगला रेलवरचा आकडा ठीकच दिसू शकतो, कारण तिथला दाब रेग्युलेटर सांभाळतो. जास्तीचं ओझं मात्र पंपावर पडतं. म्हणून गेज चांगला दिसला तरी फिल्टर किती जुना आहे ते बघा. मी तो नवीन टाकला. आवाज होता तसाच राहिला, पण नव्या पंपापुढे जुना फिल्टर ठेवणं मला पटतच नाही.

मग मल्टिमीटर. इंजिन चालू, कनेक्टर जोडलेला, आणि मागच्या बाजूने पिन लावून मोजलं. बॅटरीवर 13.9 व्होल्ट आणि पंपाजवळ 12.6. अर्ध्या व्होल्टच्या वर फरक म्हणजे वायरिंगमध्ये कुठेतरी व्होल्टेज वाया जातंय असं समजावं. सापडलं अर्थिंगला: वायर बॉडीला जिथे बोल्टने लागते तिथे रंगाखाली गंज धरला होता. घासून चकचकीत केलं, बोल्ट आवळला, तर पंपाजवळ 13.6 आले. आणि आवाज? तो वाढला. कमी व्होल्टेजवर मोटर सावकाश फिरत होती, आता पूर्ण वेगाने फिरायला लागली आणि जास्त पेट्रोल ओढायला लागली. ओढायच्या वाटेतच अडथळा असेल तर आवाज वाढणारच. अर्थिंग सुधारल्याने बिघाड गेला नाही, पण तो पंपाच्या खालच्या, म्हणजे पेट्रोल ओढायच्या बाजूला आहे याची खात्री त्यानेच पटली.

टाकी उघडताना घाई नको. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. काम उघड्या हवेत, टाकी पाव भरलेली, आसपास ठिणगी पडेल असं काही नाही, आणि सीटखालच्या, पंपावरच्या झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने साफ केलेली. ती माती आत पडली तर सगळं परत करावं लागतं.

पंप बाहेर आला आणि दोन्ही कारणं समोर होती. किटमधली जाळी जुन्या जाळीपेक्षा लांब होती. तिचं टोक फ्रेमच्या खालच्या वाटीच्या भिंतीला अडून वर वळलं होतं आणि मधे ठळक घडी पडली होती. घडीपाशी जाळीचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटलेले, म्हणजे अर्धी जाळी निकामीच. पेट्रोल येत होतं, गाडी पळत होती, म्हणून गेजवर काही दिसलं नाही. दुसरं कारण पंपाभोवतीचं रबर. इतक्या वर्षांत ते कडक होऊन आक्रसलं होतं, आणि एका बाजूला पंपाचं आवरण थेट फ्रेमला टेकत होतं. टेकलेल्या जागी धातूवर चकाकी आली होती, बोटाएवढी. ती पाहिल्यावर पहिल्या गुणगुणीबद्दल शंका उरली नाही.

जुन्या मापाची, गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारी जाळी आणि नवीन रबर घातलं. जाळी टाकीच्या तळाला हलकी टेकली पाहिजे, दबता कामा नये. फ्रेमला स्प्रिंगचे पाय असतील तर ते हाताने दाबून पाहा, अडकलेले नकोत. झाकणावरची आणि टाकीवरची खूण जुळवा, नाहीतर आतली जाळी किंवा फ्लोट (पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) भिंतीला घासतो. वरून जाणारे पाइप त्यांच्या क्लिपमध्ये परत बसवा. पाइप पत्र्याला टेकला तरी अगदी खराब पंपासारखाच आवाज येतो. बोटाने पाइप धरल्यावर आवाज कमी झाला तर दोष तिथेच. बसवून झाल्यावर तीन-चार वेळा नुसती चावी फिरवून लाइन भरू द्या. हवा निघेपर्यंतची खरखर काळजी करण्यासारखी नसते.

तेव्हापासून गाडी शांत आहे. अगदी शांत नाही, आणि तशी अपेक्षाही नको. खिडक्या बंद, इंजिन आयडलिंगला आणि रेडिओ बंद असेल तर कान दिल्यावर मंद गुणगुण येते. नवे टर्बाइन पंप जुन्या रोलर-सेल पंपांपेक्षा खूपच शांत असतात, पण मोटर आहे, ती ऐकू येणारच. भर उन्हात टाकी पावाच्या खाली गेली की सूर थोडा चढतो. पंपाला थंड ठेवण्याचं आणि वंगणाचं कामही पेट्रोलच करतं, म्हणून मी पावाच्या खाली जाऊ देत नाही.

सकाळी पहिल्याच सेल्फला गाडी उठते, म्हणजे पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) दाब धरून ठेवतोय. परवा पुन्हा गेज लावला, आकडे तेच. मायलेज बदललं नाही. ते पंपाने बदलत नसतं, तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

किटबद्दल स्पष्ट सांगायचं तर मोटर उत्तम. होसही चांगली निघाली. टाकीत बुडून राहील अशी होस वेगळी असते आणि तिच्यावर तसं छापलेलं असतं, इंजिनाजवळची साधी फ्युएल होस आत लावली तर ती फुगते आणि तडकते. क्लॅम्प मी वापरले नाहीत, त्यांची कड होस कापेल अशी होती, त्याऐवजी गोल कडेचे इंजेक्शन क्लॅम्प लावले. जाळी मात्र सगळ्या गाड्यांना एकच देऊन टाकलेली आहे आणि हे पाकिटावर लिहिलेलं नाही. रबर किटमध्ये नाहीच. घेणार असाल तर ही दोन्ही आपल्या मॉडेलची वेगळी मागवा, आणि सोबत पंपावरच्या झाकणाची सीलिंग रिंगही. पेट्रोलमध्ये राहून जुनी रिंग फुगते आणि खाचेत नीट बसत नाही. नवीन रिंग घातल्यावर पुढच्या वेळी टाकी पूर्ण भरा, सीट उचलून झाकणाच्या कडेने कापड फिरवा. कापड कोरडं राहिलं आणि वास आला नाही तरच सीट परत बसवा.