एका बेलिफाच्या नजरेतून: पार्लमेंटलाइव्ह डॉट टीव्ही

दिवाणी कोर्टात समन्स बजावण्यात माझी हयात गेली. 'साहेब गावाला गेलेत' म्हणणारी दारं आणि दारावर नोटीस डकवल्यावर हळूच हलणारा पडदा, दोन्ही ओळखीचे. म्हणून ब्रिटिश संसदेची ही व्हिडिओ साइट मी जरा जास्तच चवीने बघतो. पैसे लागत नाहीत, लॉगिन नाही. समित्यांच्या जुन्या बैठका शोधायच्या, हवा तेवढा तुकडा कापायचा आणि नातवाला पाठवायचा.

सुरुवात 19 जुलै 2011 च्या बैठकीपासून करा. त्यांच्या वृत्तपत्राने लोकांचे फोन हॅक केल्याच्या प्रकरणात वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मर्डोक आणि मुलगा जेम्स समितीपुढे आहेत. आधी दोघांनीही त्या तारखेला जमणार नाही असं कळवलं होतं. मग समितीने समन्स काढलं, ते हातोहात बजावलं गेलं आणि बापलेक हजर! मुलगा बोलायला लागतो तोच म्हातारा त्याच्या दंडावर हात ठेवून त्याला थांबवतो, आणि आयुष्यात इतकं नम्र व्हायची वेळ कधी आली नव्हती, अशा अर्थाचं एक वाक्य टाकतो. पुढच्या उत्तरांत पॉज एवढे लांब की नेट अडकलं की काय वाटावं. नाही, ते गृहस्थच थांबलेले असतात.

ब्रेक्झिट प्रचाराचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांची 2018 मधली फेक न्यूजवरची साक्ष मात्र शोधू नका. ते गेलेच नाहीत. अख्ख्या सभागृहाने हुकूम काढला, तरी नाहीत. एप्रिल 2019 मध्ये सभागृहाने अवमानाचा ठपका ठेवून कागदोपत्री समज दिली, आणि त्याच जुलैत स्वारी पंतप्रधानांची सल्लागार! आमच्याकडे साधा दिवाणी न्यायाधीशसुद्धा न येणाऱ्या साक्षीदारावर वॉरंट काढतो, त्याची मालमत्ता जप्त करू शकतो. तिथल्या कॉमन्सने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, शेवटचा दंड केला तो 1666 साली. रेटिंगमधला माझा एक तारा इथे कापला. साइटचा नव्हे, संसदेचा.

हेच कमिंग्ज 26 मे 2021 ला कोविडवर आपण होऊन सुमारे सात तास बोलले. तेही इथे आहे. जेवण उरकून बसा.

आपल्या संसदीय समित्यांपुढची साक्ष बंद दाराआड होते, त्यामुळे असलं काही संसद टीव्हीवर शोधण्यात वेळ घालवू नका. अहवाल तेवढा वाचायला मिळतो.