वैयक्तिक संकेतस्थळाची पुनर्बांधणी: वर्डप्रेस की ह्यूगो?

जुने वैयक्तिक संकेतस्थळ नव्याने उभारायला घेतले की मन आधी थीम, रंग आणि फॉन्ट यांकडे धावते. माझ्या मते तो विचार शेवटी यावा. आपला मजकूर आणि वर्षानुवर्षे जमवलेले दुवे कोणत्या रूपात ठेवायचे आणि त्यांचे पत्ते कसे टिकवायचे, हे आधी ठरले पाहिजे. मी स्वतःचे स्थळ दोनदा बांधले. पहिल्या खेपेस पत्त्यांची नोंद ठेवली नाही, आणि वेबडिझाइनच्या दुव्यांचे माझे पान, ज्याला अनेकांनी आपापल्या स्थळांवरून जोडले होते, एका रात्रीत सर्वांसाठी ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’, झाले. ती चूक दुसऱ्या कोणाची होऊ नये, म्हणून संकेतस्थळ बनवण्याच्या वर्डप्रेस आणि ह्यूगो या दोन प्रणालींची ही तुलना.

वर्डप्रेस २००३ मध्ये आले, ह्यूगो २०१३ मध्ये. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, पण काम करण्याची रीत अगदी वेगळी. वर्डप्रेसमध्ये मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि वाचक आला की सर्व्हरवर चालणारी पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा त्यातून पान जुळवून देते. ह्यूगोमध्ये मजकूर मार्कडाउनच्या, म्हणजे मथळे, दुवे वगैरे सोप्या खुणांनी दाखवणाऱ्या, साध्या फाइलींत असतो. आपल्या संगणकावर एकदा आज्ञा दिली की शेकडो पाने काही सेकंदांत तयार होतात आणि सर्व्हरला ती केवळ हाती द्यायची असतात.

खर्च आणि देखभाल यांत ह्यूगो सरळसरळ पुढे आहे. तयार पाने इंटरनेटवर ठेवणाऱ्या गिटहब पेजेससारख्या सेवेवर १ जीबीपर्यंतचे स्थळ विनामूल्य राहते, म्हणजे वर्षाला केवळ डोमेनचे पैसे. वर्डप्रेस स्वतः चालवायचे तर होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, घ्यावे लागते, शिवाय मूळ प्रणाली, थीम आणि प्लगइन (वाढीव सोयींच्या जोडण्या) यांची अद्ययावतने वेळच्या वेळी करावी लागतात. ती टाळली तर स्थळात घुसखोरी होण्याचा धोका खरा आहे. लिहिण्याच्या सोयीत मात्र वर्डप्रेसला तोड नाही. प्रवासात फोनवरून लेख लिहून, छायाचित्र जोडून तो लगेच प्रसिद्ध करता येतो आणि वाचकांचे अभिप्राय घेण्याची व्यवस्था अंगभूत असते. ह्यूगोसाठी कमांड लाइन (आज्ञा टंकून काम करण्याची खिडकी) आणि गिट (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे साधन) यांची किमान ओळख हवी. ती करून घेण्याची तयारी नसेल, तर पुढचे सारे फायदे कागदावरच राहतील.

मराठीत लिहिणाऱ्याने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यावरून पत्ता बनवते आणि त्या पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा अनुस्वार, सांकेतिक रूपात टक्केचिन्हांसह नऊ जागा घेते, त्यामुळे मर्यादा बावीस चिन्हांतच संपते. ‘संकेतस्थळाच्या पुनर्बांधणीसाठी उपयुक्त दुवे’ असा मथळा दिला, तर पत्ता ‘संकेतस्थळाच्या-पुनर्बां’ इथेच तुटतो. म्हणून पत्ता रोमन लिपीत, छोटा आणि हाताने लिहिलेला असावा. ही शिस्त ह्यूगोमध्येही पाळावी, कारण देवनागरी पत्ता कोणाला पाठवला की बहुतेक ठिकाणी त्याची टक्केचिन्हांची न संपणारी माळ होते.

जुन्या पत्त्यांच्या बाबतीत वर्डप्रेस अधिक सोयीचे आहे. लेखाचा पत्ता बदलला, तर ते बहुधा वाचकाला आपोआप नव्या जागी नेते आणि इतर पत्त्यांसाठी ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन प्लगइनने लावता येते. ह्यूगोमध्ये लेखाच्या शीर्षभागात जुना पत्ता नोंदवता येतो, पण त्यातून तयार होते ते वाचकाला पुढे ढकलणारे एक छोटे पान. वाचकाचे काम त्याने भागते. खरे ३०१ हवे असल्यास ती सोय देणारी सेवा निवडावी लागते. गिटहब पेजेसवर ती नाही.

दुव्यांच्या पानासाठी मात्र मी निःसंशय ह्यूगो निवडेन. वर्डप्रेसमध्ये दुव्यांसाठी असलेली स्वतंत्र व्यवस्था ३.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ च्या अखेरीपासून, नव्या स्थळांवर दिसेनाशी झाली. आता प्लगइन घ्यावे लागते किंवा साध्या पानावर यादी हाताने वाढवावी लागते. ह्यूगोमध्ये सर्व दुवे एका डेटा फाइलीत राहतात आणि प्रत्येकाच्या नोंदीत पत्ता, विषय, मूळ लेखाचे वर्ष आणि तो का वाचावा याची एक-दोन वाक्ये लिहिता येतात. त्या फाइलीवरून पान आपोआप बनते आणि पुढे प्रणाली बदलली तरी फाइल आपल्याजवळच राहते. वर्षाची नोंद अत्यावश्यक आहे. सीएसएस ही पानाचे रूप ठरवणारी भाषा; तिची ग्रिड ही मांडणीची पद्धत २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आली. त्याआधीचा, फ्लोट या जुन्या पद्धतीने मांडणी शिकवणारा उत्तम लेखही आज नवशिक्याला चुकीच्या वाटेने नेऊ शकतो. याउलट, एकाच एचटीएमएलला, म्हणजे पानाच्या मूळ सांगाड्याला, निरनिराळे रूप देऊन दाखवणारे २००३ चे सीएसएस झेन गार्डन हे संकेतस्थळ आजही पाहावे असेच आहे. दुवा नोंदवतानाच त्या पानाची प्रत वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये जतन करावी, कारण मूळ पान कधी नाहीसे होईल याचा भरवसा नसतो.

थीमची निवड दोन्हीकडे सारख्याच काळजीने करावी लागते, कारण बहुसंख्य थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या असतात. मथळ्यात अक्षरांमधील अंतर वाढवणारा एक नियम असला, की शिरोरेषा जागोजागी तुटते आणि ‘पुण्यातील वाडे’ हा मथळा विस्कटलेल्या तुकड्यांसारखा दिसतो. ओळींमधील अंतर कमी असेल, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, म्हणून ते अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवावे. ‘ऱ्हास’, ‘हृदय’, ‘राष्ट्र’ हे शब्द लिहून थीम तपासावी. मजकुरासाठी मुक्ता हा फॉन्ट अनेक वजनांत, म्हणजे बारीक ते ठळक रूपांत, मिळतो. तिरो देवनागरी मराठी अधिक पुस्तकी आणि देखणा आहे, पण त्यात ठळक रूप नाही.

आठवड्याला लिहिणारे, अभिप्राय हवे असणारे आणि फोनवरच काम करणारे असाल, तर वर्डप्रेस घ्या. लेख मोजके, दुवे पुष्कळ आणि वर्षभर स्थळाकडे पाहायला सवड नाही, अशी स्थिती असेल तर ह्यूगो. कोणताही मार्ग घेतलात, तरी काही मोडण्यापूर्वी जुन्या स्थळाच्या प्रत्येक पानाचा पत्ता एका तक्त्यात उतरवून घ्या आणि शेजारच्या रकान्यात नवा पत्ता लिहा. माझ्या एकशे चाळीस पानांना दोन संध्याकाळी लागल्या.