कंबरदुखीवर सात महिने अ‍ॅक्युपंक्चर : माझा अनुभव

मी मूळची कोल्हापूरची, सहा वर्षं शांघायमध्ये राहते. चार वर्षांपासून कंबर धरते. गेल्या हिवाळ्यात तर बेसिनवर वाकून तोंड धुणंही जमेना. एमआरआयमध्ये मणक्यातली एक चकती थोडी सरकलेली दिसली; ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. गोळ्यांनी पित्त खवळायचं, म्हणून सुयांकडे वळले.

आधी एका खासगी दवाखान्यात गेले. रिपोर्ट उघडूनही न बघता त्यांनी वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले, म्हणून निघून आले. मग चिनी वैद्यकाच्या सरकारी रुग्णालयात नाव घातलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी एमआरआय पाहिला, पाय उचलायला लावले, बधिरपणा विचारला आणि मगच पालथं झोपवलं.

दुखणं कमरेत, पण पहिली सुई गेली गुडघ्यामागच्या खळगीत. त्या बिंदूचं नाव वेइचुंग, आणि कंबर-पाठ दुखली तर वेइचुंग गाठावा असं चिनी वैद्यांचं जुनं वचनच आहे. सुई बारीक, इंजेक्शनच्या सुईसारखी आतून पोकळ नसते. टोचल्याचं जेमतेम कळतं. खरी गंमत पुढे आहे. बाई सुई दोन बोटांत धरून हळूच फिरवतात आणि विचारतात, "सुआन?" सुआन म्हणजे आंबट. पहिल्यांदा मला अर्थच लागेना. मग पोटरीत एक जड, खोल कळ पसरली आणि एकदम उमगलं, अरे, आपण "अंग आंबलंय" म्हणतो ना, तेच हे! ती जाणीव आली की 'ची', म्हणजे त्यांच्या मते शरीरात वाहणारी प्राणशक्ती, सुईला लागली असं ते मानतात.

कधी कमरेवर मोक्सा म्हणजे वाळलेलं आय गवत जाळून त्याचा शेक देतात. हे गवत आपल्या दवण्याच्या कुळातलं. वास वेगळा, जास्त कडवट, तरी डोळे मिटले की मला जोतिबाच्या चैत्रातल्या दवण्याच्या पेंड्या आठवतात.

फरक कधी पडला? पहिल्या चार बैठकांत जवळजवळ नाहीच. सहाव्या-सातव्यानंतर सकाळचा ताठरपणा उतरला. सात महिन्यांत सव्वीस बैठका झाल्या. दहापैकी सातवर असणारं दुखणं आता तीनवर आहे. चकती जागेवर आली असा माझा दावा नाही. दुखणं इतपत कमी झालं, की फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करता आले, आणि माझ्या मते खरा आधार त्या व्यायामांनी दिला. दोनदा काळानिळा डाग पडला, एकदा उपाशी गेल्यामुळे चक्कर आली. जेवूनच जा.

हे चालतं कसं, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. परंपरा सांगते 'ची' वाहून नेणाऱ्या चौदा वाहिन्या आणि त्यांवरचे 361 बिंदू. शरीरशास्त्राला अशा वाहिन्या सापडलेल्या नाहीत. पण सुईने नसा चेतवल्या जातात, तो संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो आणि शरीर स्वतःचीच अफूसारखी वेदनाशामकं सोडतं, याला बराच आधार आहे. 1977 च्या एका प्रयोगात अफूजन्य औषधांचा असर उतरवणारं नॅलोक्सोन दिल्यावर सुयांनी आलेला आराम ओसरला. बीजिंगचे संशोधक हान जिशेंग यांनी सुयांना वीज जोडून दाखवलं की सेकंदाला 2 ठोके आणि 100 ठोके यांनी वेगवेगळी रसायनं सुटतात. माझ्याही सुयांना ते विजेचे चिमटे लावतात, स्नायू टकटक उडतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जर्मनीत 1,162 कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना गुण आला. बिंदू सोडून भलतीकडे, वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी फक्त 27.4 टक्क्यांना. म्हणजे नेमक्या बिंदूपेक्षा टोचणं, अर्धा तास स्वस्थ पडून राहणं आणि कुणीतरी लक्ष देऊन तपासणं यांचाच वाटा मोठा असावा. हे वाचूनही मी जाणं सोडलं नाही, कारण माझी कंबर वाकते आहे.

आता पंधरा दिवसांतून एकदा जाते. तुम्ही जाणार असाल तर सुया निर्जंतुक पाकिटातून तुमच्यासमोर फोडायला सांगा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. आणि पायातला बधिरपणा वाढत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर सुयांसाठी थांबू नका, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.