पंचवटीतली वखार आणि माझी दुहेरी खिडकी

डिसेंबरात गोदाकाठचा वारा आमच्या जुन्या खिडकीच्या फटींतून थेट पांघरुणात शिरतो. म्हणून बाहेरून दुसरी काचेची चौकट स्वतःच करायची ठरवली. नव्या सागाचा भाव ऐकून माझा चेहरा पडला, तसं वखारीतल्या काकांनी पाडलेल्या वाड्याची तुळई दाखवली. मुरलेलं लाकूड, पावसात फारसं फुगत नाही. कापणी सरळ, रंधा गुळगुळीत. ४ मिमी काचेची खाच मात्र उथळ. घरी पटाशीने मीच खोल केली, अंगठा सोलला तो वेगळा. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा थंडी अडवते, पण चौकटीला खाली दोन बारीक भोकं ठेवाच, नाहीतर आत बाष्प धरतं. आणि हो, काकांचं ‘परवा या’ म्हणजे नऊ दिवस.